प्लेटांची पाठ बघणारा माणूस

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत सोलापूर जिल्ह्यातल्या किती वस्त्यांवर मी गेलो याचा हिशेब नाही, पण एकाही वस्तीवर पाणी प्यायलो नाही. मोटारसायकलच्या डिकीत माझ्या दोन बाटल्या असायच्या. उन्हाळ्यात दुपारपर्यंत त्यांतलं पाणी अंघोळीला काढल्यासारखं व्हायचं. तेच प्यायचो. समोर माठ दिसायचा, घरची बाई तांब्या घेऊन उभी असायची, आणि मी हात जोडून नको म्हणायचो. माणूस घमेंडी आहे असं लोक म्हणत असणार. म्हणोत बापडे.

ही सवय मला लावली ती उजनीच्या फुगवट्याकाठच्या एका केळीच्या बागायतदाराने. या तपासणीच्या नोकरीला लागून थोडेच दिवस झाले होते. त्याने आग्रह केला, मी बागेत बसून अर्धा कप चहा घेतला. प्लेटा तपासायला उठलो तर पंप बसवणारा ठेकेदार आजूबाजूच्या लोकांना सांगत होता, "साहेबांनी चहा घेतला. झालं काम." तपासणी व्हायची होती अजून! त्या दिवशी मी तो पंप नापास केला. माल खरोखरच खोटा होता, चहाचा काही संबंध नव्हता. पण गावात उलटंच पसरलं, की साहेब चहा पिऊनही फिरला. तेव्हा ठरवलं, आता पाणीसुद्धा नको.

माझं काम काय होतं ते सांगतो, कारण माझ्या सख्ख्या मेहुण्यालाही ते शेवटपर्यंत कळलं नाही. सोलरची प्लेट सगळ्यांनी पाहिलेली असते. वर काच, खाली जाड पापुद्रा आणि मध्ये काळसर चौकोनी वड्या. त्या वड्या म्हणजे सेल. उन्हाची वीज होते ती त्या वड्यांत. सरकारी अनुदानातून पंप घ्यायचा तर नियम असा, की वड्याही आपल्या देशातल्या कारखान्यात बनलेल्या हव्यात आणि त्या जोडून प्लेटही इथंच तयार झालेली हवी. बाहेरून स्वस्तातल्या वड्या आणून इथं नुसत्या काचेत बसवल्या, तर ती प्लेट देशी धरत नाहीत. प्लेटेच्या पाठीवर एक कागद चिकटवलेला असतो, त्यावर काळ्या रेघा असतात. माझ्याकडे किराणा दुकानात असते तशी बंदूक होती. ती कागदावर धरली की वड्या कुठल्या, प्लेट कुठली, सगळं समोर यायचं. त्यामुळे लोक मला बंदूकवाले साहेब म्हणायचे. वस्तीवर गेल्यावर पोरंटोरं आधी पांगायची आणि मग हळूहळू जवळ यायची.

या नियमावर माझा विश्वास होता, आजही आहे. मी सोलापूरच्या पूर्व भागातला, विणकरांच्या घरातला. घरात तेलुगू, गल्लीत मराठी. वडील मागावर चादरी विणायचे. बाजारात सोलापुरी म्हणून दुसरीकडचीच चादर विकायला लागली तेव्हा वडिलांचं जेवण कमी झालं होतं, हे मी पाहिलंय. कुणी चादर आणून दाखवली की ते आधी ती उलटी करायचे. खरी चादर पाठीमागूनही पुढच्यासारखीच असते, नक्षी तीच, रंग तेवढे अदलाबदल. "पुढून सगळेच चांगले दिसतात," म्हणायचे. पुढे मी एका गिरणीच्या वीजखात्यात लागलो, ती गिरणी बंद पडली, आणि नशिबाने मला एका तपासणी संस्थेत प्लेटांच्या पाठी बघायला नेऊन बसवलं. वडील असते तर खूश झाले असते.

पण नियम खरा असला तरी त्याची झळ कुणाला बसते, हेही मी पाहिलं. एकदा मला बॅटरीवरच्या रिक्षा तपासायला शहरातच धाडलं होतं. तिथंही तसंच, गाडीवर सूट हवी तर मोटार, चार्जर वगैरे ठरलेले भाग इथं बनलेले हवेत. विक्रेत्याने प्रत्येक मोटारीवर ठळक तिरंगा चिकटवला होता. मी नखाने एक तिरंगा उचकटला. खाली अक्षरं होती ती कुठल्या तरी भलत्याच लिपीतली. सगळ्या गाड्या अडकल्या. बाहेर एक रिक्षावाला थांबला होता, रफीकभाई म्हणून. त्याने जुनी रिक्षा मोडीत काढून ही घ्यायची ठरवली होती. म्हणाला, "साब, मोटर कहाँ पैदा हुई, मेरेकू क्या करना है? चढ पे चढती क्या नै, इतना बोलो." मी म्हटलं, चढेल. "फिर?" तो म्हणाला. देशी मोटारींच्या गाड्या यायला वेळ लागला आणि तेवढे दिवस रफीकभाई दुसऱ्याची रिक्षा भाड्याने चालवत राहिला. स्टेशनजवळ दिसला की हात करायचा. त्याने हात केला की मलाच ओशाळल्यासारखं व्हायचं.

दुपारचं जेवण मी प्लेटांच्या सावलीत बसून करायचो. आपल्या माळावर झाडं कमी, पण प्लेटेखाली छान सावली पडते. माणसं लांबून बघत बसायची, जवळ कुणी यायचं नाही. ज्याच्या हातात पास-नापास आहे त्याच्याशी गप्पा काय मारायच्या? डबा उघडला की फोन वाजायचा. पद्मा, माझी बायको. रोज एकच प्रश्न, "अन्नम तिन्नारा?" म्हणजे जेवलात का. मी म्हणायचो, जेवतोय. ती म्हणायची, बरं. संपलं बोलणं. दिवसभरात कामाशिवाय माझ्याशी होणारं बोलणं एवढंच. लग्न झालेली मुलगी बेंगळुरूला, तिचा फोन रविवारी.

अशा नोकरीतली मला एकच बाई नीट आठवते. बाकी सगळ्या प्लेटाच आठवतात.

सांगोल्याच्या पलीकडे, डांबरी रस्ता सोडून बरंच आत, एका माळावर तिची वस्ती होती. तानूबाई तिचं नाव. नवऱ्याचं नाव बिरा. मेंढपाळ माणसं. घर दोन खोल्यांचं, पुढे मेंढरांचा वाडा, बाजूला बोअर आणि बोअरशेजारी नव्या कोऱ्या सोलरच्या प्लेटांची रांग. नवरात्र चालू होतं. दारातून आत घट बसवलेला दिसत होता, त्याभोवतीचं धान्य बोटभर वर आलेलं. बाई अनवाणी होती, उपवास असावा.

"या की सायेब, बसा. पानी आन्ते."

"पाणी नको, ताई."

तिचा हात तांब्यावरच थांबला. "का वो? आमच्या हातचं चालत न्हाय व्हय?"

आमच्याकडे पाणी नाकारण्याला आणखी एक अर्थ आहे. तो तिने काढला, आणि काढणारच. मी घाईघाईने चहाची आणि ठेकेदाराची गोष्ट सांगायला लागलो. तिने ऐकून घेतली, पण तांब्या आत नेताना तिची मान खाली होती. हे मला फार लागलं.

मग मी बंदूक घेऊन प्लेटांच्या मागे गेलो. पहिल्या प्लेटेच्या पाठीवर काहीच नाही. दुसरीवर नाही. सगळी रांग पाहिली, एकाही प्लेटेला कागद नव्हता. पाठी अशा लख्ख, की त्यांत माझं तोंड अंधुक दिसावं. मनात म्हटलं, सापडलं. ठेकेदाराने बाहेरच्या प्लेटा लावल्या आणि ओळख पटू नये म्हणून कागद काढले. असले प्रकार मी पाहिले होते. बनावट कागदांचं बंडल खिशात घेऊन फिरणारा एक बहाद्दरही मला टेंभुर्णीजवळ भेटला होता.

"ताई, याच्या मागे कागद चिकटवलेला होता ना? काळ्या रेघांचा?"

"हुता की. काडला म्या."

"तुम्ही काढला?"

"व्हय," ती अभिमानाने म्हणाली. "लई चिवाट. राख लावली, साबन लावला, निगंच ना. मग शेजारच्या ट्रॅक्टरचं वाईच डिझेल आनलं आन् काथ्यानं घासलं. तवा कुटं निगाला. आता बगा की, कसं झालंय."

"पण का काढलात?"

माझ्या प्रश्नाचंच तिला नवल वाटलं. "आवं, घट बसायचं हुतं न्हवं! वाकळा धुतल्या, भांडी घासली, जातं धुतलं, मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा घासल्या. मग ह्या प्लेटाच तेवड्या पारोशा ठिवायच्या? ह्या बी घरच्याच की आता."

मी कपाळाला हात लावला. घट बसायच्या आधी घरातली एकूण एक वस्तू धुवायची, ही आपल्याकडची रीत. आमच्या घरीही पद्मा त्या आठवड्यात मला खुर्चीवर टेकू द्यायची नाही. पण कुठल्याही देशातल्या कुठल्याही कारखान्याने आपल्या डिंकाची परीक्षा राख, डिझेल आणि काथ्याने घेतली नसेल.

"तो पुसायचा नाही म्हणून कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

"कोन सांगनार? लावनारी मान्सं आली, लावून गेली. पुसू नगा म्हनून कुनी म्हनलंच न्हाय."

मी पंप पुरवणाऱ्या कंपनीच्या माणसाला फोन लावला. त्याने ऐकलं आणि थंडपणे म्हणाला, "ओळख पटत नसेल तर काय करणार, साहेब? गाडी पाठवून प्लेटा उतरवतो. दुसऱ्या आल्या की बसवू. पण देशी मालाला सध्या वेटिंग आहे, सगळीकडे तोच मागतायत. सांगता येत नाही कधी येईल."

फोनचा आवाज मोठा होता. तिने ऐकलं. ती प्लेटेच्या खांबाला धरून खाली बसली.

"यंदा चूल हलवायची न्हाय म्हनलं हुतं," ती म्हणाली. मला म्हणाली असं नाही, नुसतीच म्हणाली.

मग हळूहळू सांगू लागली. दसरा झाला की दोघं नवराबायको मेंढरं घेऊन निघायची, घाटाकडे. घोड्यावर भांडी, वाकळा आणि कोंबड्यांची पाटी. पावसाळ्याच्या तोंडाला परत. माळावर पाणी टिकत नाही, मग मेंढरं काय पिणार? गुडघे गेले होते तिचे. एक पोर रस्त्यातच झालं आणि रस्त्यातच गेलं, त्यानंतर झालं नाही. "लगीन होऊन ह्या घरात आले, तवापासनं हितली दिवाळी बगितली न्हाय म्या. दर साली कुनाच्या तरी रानात. बोर मारली, पंप आला, तवा ह्यास्नी म्हनलं, आता पानी हाय. यंदा दोगं बी हितंच ऱ्हाऊ. ते व्हय म्हनलं. आन् आता तुमी प्लेटा न्याया लागलाय."

एवढ्यात बिरा मेंढरं घेऊन आला. उंच, हडकुळा, खांद्यावर घोंगडं. सगळं ऐकून तो फक्त एवढंच म्हणाला, "मग निगायचंच की. दसऱ्यादिशी सामान बांधू." त्याला फारसं दुःख झालेलं दिसलं नाही. बायकोकडे मात्र त्याने बघितलं नाही.

मला नियम मोडता येत नव्हता आणि मोडायचाही नव्हता. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणून प्लेट देशी ठरत नाही. पण प्लेटेच्या बाजूच्या पट्टीवर, म्हणजे जी चौकट असते तिच्या कडेला, काही कारखाने आणखी एक बारीक नंबर चिकटवतात हे मला ठाऊक होतं. दोन प्लेटांमध्ये बोटभर फट असते, नंबर त्या फटीत तोंड लपवून बसतो. बघायचा तर पकडी सैल करून प्लेट सरकवायला हवी, आणि बसवलेल्या सामानाला हात लावायची आम्हाला मनाई. ते काम कंपनीच्या माणसाचं.

मी त्याला पुन्हा फोन लावला. उद्या सकाळी पाना घेऊन ये, फटीतले नंबर बघायचेत, म्हटलं. तो म्हणाला, सणासुदीचं माणूस मिळत नाही, दसऱ्यानंतर बघू. मी सहसा आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढवला. म्हटलं, उद्या आला नाहीस तर तुझ्या कंपनीचे जिल्ह्यातले सगळे पंप मी पहिल्यापासून तपासायला घेतो, एकेक पकड सोडून. तो येतो म्हणाला.

फोन ठेवला तर तानूबाई शेजारी उभी. चेहरा पडलेला.

"सायेब, त्या फटीत म्हनता न्हवं?"

"हो. का?"

"तितं बी चिंदी फिरवलीया म्या. हात जाईना म्हनून काडीला बांदून."

मला हसू आलं आणि रडूही. घरी गेल्यावर मी पद्माला हे सगळं सांगितलं. एरवी मी कामाचं घरी बोलत नसे. ती हसून हसून लोळली, मग डोळे पुसून तेलुगूत म्हणाली, "बरोबरच केलं तिनं. धुतल्याशिवाय पूजा कशी करायची?" आणि थोड्या वेळाने, "दिवाळी तिला घरात करू द्या हो."

दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस तोंड वाकडं करून आला. एकेक पकड सैल होऊ लागली. तानूबाई दोन्ही हात छातीशी धरून उभी होती. बिरा जवळ आला नव्हता, पण वाड्याच्या दगडावर बसून बघत होता. पहिली प्लेट सरकली. पट्टीवर कागद होता, वर चिंधीचे पांढरे धागे चिकटलेले, एक कोपरा गेलेला, पण आकडे वाचता येत होते. मी ते आकडे कारखान्याच्या यादीशी ताडून पाहिले. वड्या देशी, प्लेट देशी. दुसरी देशी. तिसरी देशी. तिला मी काही सांगत नव्हतो, पण माझ्या तोंडाकडे बघून तिला कळत असावं, कारण ती प्रत्येक प्लेटेला मान हलवत होती.

शेवटच्या प्लेटेपाशी अडलं. ती रांगेच्या टोकाची. तिची नंबराची पट्टी फटीत नव्हती, उघड्यावर होती, आणि तिथं तानूबाईचा काथ्या मनसोक्त पोचला होता. तिथं काही म्हणजे काही उरलं नव्हतं. बाकीच्या देशी म्हणजे हीही देशीच असणार, हे मलाही कळत होतं आणि कंपनीच्या माणसालाही. पण असणार म्हणून सही करता येत नाही. मी ती एक प्लेट उतरवायला सांगितली.

"एक कमी पडली तर पंप चालंल का?" बिराने त्या दिवशी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"चालेल. सकाळी जरा उशिरा पाणी फेकेल."

"चालतंय की मग," तानूबाई म्हणाली. "माझा बी म्होरचा दात पडलाय. भाकर खातेच न्हवं?"

बाकीच्या प्लेटांना नवे कागद मिळाले, ते मी समोर उभं राहून लावून घेतले. तिने पुन्हा तांब्या पुढे केला नाही. निघताना फक्त म्हणाली, "आता न्हाय पुसनार."

दसऱ्याला पद्माने नेहमीप्रमाणे माझी हत्यारं पाटावर मांडली. पक्कड, टेस्टर, आणि ती बंदूक. बंदुकीच्या मुठीवर तिने हळदीकुंकवाचं बोट टेकवलं. दर वर्षी टेकवायची. मूठ खरबरीत प्लास्टिकची होती, त्यामुळे तो ठिपका फिकट व्हायचा पण जायचा नाही, आणि पुढच्या दसऱ्याला त्यावरच नवा ठिपका यायचा. हाफिसात सगळे चेष्टा करायचे, यांची बंदूक सवाष्ण आहे म्हणून.

पुढच्या उन्हाळ्यात पद्मा गेली. आजार फार लांबला नाही. मी माणूस असा, की चार लोकांत मला रडता आलं नाही. पुन्हा कामावर जाऊ लागलो. दुपारी प्लेटेच्या सावलीत डबा उघडायचो. डबा आता खानावळीचा असायचा, आणि फोन समोर ठेवायचो. तो वाजत नसे. घरी गेल्यावर तेलुगू बोलायला कुणी उरलं नव्हतं. कधीकधी मी स्वतःच मोठ्याने म्हणून बघायचो, अन्नम तिन्नारा. घरात ते वेडगळ वाटायचं. मग तेही सोडलं.

पुढचा दसरा झाला आणि मी निवृत्त झालो. हाफिसात हार-नारळ झाला. सामान परत करायचं होतं, ते मी भांडारातल्या कारकुनाच्या टेबलावर ठेवलं. भला माणूस होता, माझ्याबद्दल दोन शब्द चांगले बोलला, आणि बोलता बोलता त्याने बंदूक हातात घेतली, कापसाला स्पिरिट लावलं आणि मूठ पुसली. दोनदा घासली. "आता नवीन माणसाला द्यायला बरी," म्हणाला. कापूस पिवळा-लाल झाला होता. तो त्याने टेबलाखालच्या डब्यात टाकला. मी बघत उभा राहिलो. मग त्याने हात पुढे केला, मी हात मिळवला आणि घरी आलो.

ती दिवाळी मी घरात एकट्याने केली. केली म्हणजे आकाशकंदील लावला आणि आत येऊन बसलो.

दिवाळीनंतर एके सकाळी मोटारसायकल काढली आणि का कोण जाणे, सांगोल्याचा रस्ता धरला. डिकीत बाटल्या नव्हत्या. विसरलो असं म्हणत नाही, घेतल्याच नाहीत.

लांबूनच प्लेटा चमकताना दिसल्या. टोकाची जागा अजून रिकामीच होती. मेंढरांसाठी बांधलेला पाण्याचा हौद काठोकाठ भरला होता, पण वाडा रिकामा. घराच्या मागे थोडी डाळिंबाची रोपं लावलेली दिसली. तानूबाई हौदाच्या कडेला बसली होती. तिने मला ओळखलं आणि गडबडीने उठली.

"परत तपासनी व्हय?"

"नाही. मी आता नोकरीत नाही. बंदूक दिली परत."

तरीही ती मला आधी प्लेटांच्या मागे घेऊन गेली. पाठी तशाच लख्ख होत्या. फक्त प्रत्येक कागदाभोवती तळहाताएवढा चौकोन तिने धुतला नव्हता. वर्षभराची धूळ त्या चौकोनात जशीच्या तशी होती. "बगा," ती म्हणाली. "हात लावला न्हाय."

"बिरा कुठं आहेत?"

"गेलं की मेंढरं घिऊन. दसऱ्यालाच." ती हौदाकडे बघत होती. "गेल्या साली ऱ्हायलं हुतं. दिवाळी केली दोगांनी हितं. करंज्या केल्या म्या. पन संक्रांतीपतुर रानातलं गवत सरलं. पानी हाय, चारा कुटला आनायचा? मेंढरं हडकली. यंदा म्हनलं, जातो."

"मग तुम्ही नाही गेलात?"

"कशी जानार? ह्या प्लेटा राखाया कोन? पल्याडच्या वस्तीवरच्या नेल्या की चोरांनी. आन् ही रोपं. पंप हाय तर रोपं हायती, रोपं हायती तर बाई हितं पायजे." ती हसली, पुढचा दात नसलेलं हसू. "आदी चालून चालून पाय दुकायचं. पन रातच्याला बोलाया मानूस हुतं."

प्लेटा देशी होत्या, सही माझी होती, पंप चालत होता. सगळं नियमात होतं. आणि माळावर त्या दोघांपैकी एकच उरलं होतं. नियम चुकीचा होता असं मला तेव्हाही वाटलं नाही. पण मला फार वाईट वाटलं, ते कुणावर ढकलावं हे कळेना.

"तुमच्या घरी कोन हाय?" तिने विचारलं.

मग मी सांगितलं. पद्माचं सांगितलं, तिचा फोन, तानूबाईच्या डिझेलवरचं तिचं हसणं. दिवाळी तिला घरात करू द्या म्हणाली होती, तेही सांगितलं. आणि शेवटी बंदुकीच्या मुठीवरचा ठिपका आणि कारकुनाचा कापूस. हे मी मुलीलाही सांगितलं नव्हतं.

"तुमी म्हनला न्हाय व्हय त्याला, पुसू नगा म्हनून?"

"नाही म्हणालो."

"म्हनायचं हुतं की वो, भाऊ," ती म्हणाली, आणि पदराने तिनेच डोळे पुसले.

मग ती आत गेली आणि तांब्या घेऊन आली. या वेळी काही विचारलं नाही, नुसता पुढे धरला. मी तो दोन्ही हातांनी घेतला. इतकी वर्षं ज्या पंपांवर मी सह्या केल्या, त्यांतल्या एकाचंही पाणी मी कधी चाखलं नव्हतं. ते थोडं मचूळ होतं. मी तांब्या संपवला आणि आणखी मागितलं.